मागच्या सालची कोकरं

मी पडणार होते. चाळिसाव्या मजल्यावरून.

पायाखाली वीतभर रुंदीची लाकडी फळी, तिच्याखाली मुंग्यांएवढ्या गाड्या, आणि अंगावर येणारा वारा… मी डोळे मिटले तरी वारा थांबेना. शेवटी किंचाळले आणि हाताला जे काही लागलं ते घट्ट धरलं.

"झालं, झालं. तुम्ही औरंगपुऱ्यातच आहात," कुणीतरी म्हणालं. "दुसऱ्या मजल्यावर. खाली चपलांचं दुकान आहे."

मी डोळ्यांवरचा तो जड व्हीआर चष्मा काढला. समोर ट्यूबलाइट, भिंतीवर पाण्याची ओल, आणि वारा घालणारा एक टेबल फॅन. माझ्या दोन्ही हातांत एका उंच, सडपातळ मुलाचा हात होता.

"हात सोडा की आता," मी रागानं म्हणाले.

"मी कुठं धरलाय? तुम्हीच धरलाय."

खरंच की! मी हात असा झटकला, जणू तोच तापलेला तवा होता. तो हसला नाही. हसू दाबताना त्याच्या उजव्या गालावर एक बारीक रेघ उमटली तेवढी. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं – सत्यम, स्टुडंट मेंटर.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला हसायला नको. मला लिफ्टची भीती वाटते. मांजरांची वाटते. फॉर्मवर निळ्याऐवजी काळं पेन वापरलं गेलं तर काय होईल, याची तर रात्रभर वाटते. पण त्या जुलैमध्ये माझी सगळ्यांत मोठी भीती एकच होती. कॉलेज चुकीचं निवडण्याची.

मला व्हिडिओ गेम बनवायचे होते. खेळायचे नाहीत, बनवायचे. आमच्या घरात हे समजावून सांगायलाच मला दोन वर्षं लागली. माझे वडील, मल्हारी अप्पा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन आहेत. त्याआधी आमची मेंढरं होती. मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही खुलताबादकडच्या डोंगरांत कळपामागं हिंडलो. आता कळप चुलत्याकडं असतो, आणि अप्पा दर रविवारी नुसते बघून येतात. असे अप्पा शेवटी एका संध्याकाळी म्हणाले होते, "शिक तुझं ते गेमचं. पण एकदाच निवड. मधातच सोडून घरी आलीस, तर मग मी म्हणीन ते."

'मी म्हणीन ते' म्हणजे मावशीनं आणलेलं स्थळ. त्याचा फोटो कपाटातल्या साड्यांखाली तयारच होता.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक हैदराबादची. तिथली प्रवेश परीक्षा मी कुणालाही न सांगता दिली होती आणि पासही झाले होते. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती त्यांनी. पण अप्पांनी एका वाक्यात विषय मिटवला – "तिथं आपलं कोण हाय?" दुसरी वाट ही, औरंगपुऱ्यातली. दोन वर्षांचा डिप्लोमा, घरून रोज जाऊन-येऊन. माहितीपुस्तिका इतकी गुळगुळीत की हातातून निसटायची.

"ही फळी… म्हणजे हा गेम कुणी बनवलाय?" मी त्या दिवशी सत्यमला विचारलं.

"इथल्याच मुलांनी," तो म्हणाला. म्हणताना त्यानं ओळखपत्राची निळी दोरी बोटाभोवती गुंडाळली. एकदा, दोनदा, तीनदा.

मी ती दोरी बघितली. पण तेव्हा मला त्याचं बोटच जास्त दिसलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. वेळापत्रक विचारायला, असं आईला सांगितलं. त्यानंतर पुन्हा, कॅन्टीन आहे का ते विचारायला.

"कॅन्टीन नाय," सत्यम म्हणाला. "पण कोपऱ्यावर चहा लई भारी मिळतो. चौकशी तिथंच करून घेता का?"

बाहेर पावसाची भुरभुर होती, छत्री उघडावी की नाही अशी. टपरीच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. मागून रिक्षा चिखल उडवत जायच्या आणि प्रत्येक रिक्षागणिक तो अर्धं पाऊल माझ्या बाजूला सरकायचा. चौथ्या रिक्षानंतर मी म्हणाले, "आता सरकलात तर मी चहाच्या पातेल्यात पडेन."

"पडू नका. तुमचा पडायचा अनुभव काय चांगला नाय."

तो अजिंठ्याजवळच्या एका गावचा. वडील बद्रीनाथ, घरची कापसाची शेती. याच संस्थेतून त्यानं मागच्या वर्षी डिप्लोमा केला आणि इथंच नोकरीला लागला.

"गावात माझा बॅनर लागलाय," तो चहात बघत म्हणाला. "फोटोखाली 'सुप्रसिद्ध गेम डिझायनर'. वडिलांनी लावला. एसटी स्टँडवर. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो."

"मग? भारीच की!"

"व्हय… भारीच," तो म्हणाला आणि उरलेला चहा त्यानं फेकून दिला.

"तुम्ही कशालाच भीत नाही वाटतं?"

"भितो ना. तुम्ही पुढचा प्रश्न विचारता त्याला."

मी लाजले. मला वाटलं, ही माझी थट्टा आहे. तो खरं बोलत होता, हे मला फार नंतर कळलं.

त्याच दिवशी मी त्याला माझा गेम दाखवला. आजवर कुणालाच दाखवला नव्हता. फोनवरचा, साधा. माळावर वीस मेंढरं पांगलेली असतात आणि दिवस मावळत असतो. अंधार पडायच्या आत सगळी जाळीच्या कुंपणात आणायची. नाही आणली तर लांडगा येतो. लांडगा दिसत नाही, फक्त एकेक मेंढरू कमी होतं. लहानपणी मला संध्याकाळची वाटायची ती भीती मी जशीच्या तशी त्यात घातली होती. प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला छोटा काप होता, आमच्या कळपाची खूण.

सत्यम कितीतरी वेळ खेळत राहिला. भुरभुर थांबली, तरी खेळत राहिला.

"पोटात गोळा आला," तो हळूच म्हणाला. "खरंच सांगू राहिलो."

"पण एक घोळ आहे. आत घेतलेली मेंढरं जाळीतून आरपार बाहेर जातात. महिना झाला, मला जमत नाहीये."

"दे, मी बघतो," तो म्हणाला. मग दचकून, "म्हणजे… द्या."

"दे चालेल," मी म्हणाले, आणि माझे कान गरम झाले.

चार दिवसांनी त्यानं गेम परत दिला. एकही मेंढरू बाहेर पडत नव्हतं! मी टपरीवर जवळजवळ उडीच मारली. त्याचे डोळे मात्र तांबारलेले, दाढी वाढलेली.

"चार दिवस लागले," तो म्हणाला. "याला चार दिवस लागायला नको होते."

"हे इथं शिकवतात ना?"

दोरी बोटाभोवती फिरली. एकदा… दोनदा… "व्हय."

मी श्वास घेतला. जे विचारायला खरं तर मी आले होते, ते विचारलं. "मग हैदराबादला नाही म्हणून कळवू? शनिवारी अप्पांना घेऊन यायचंय इथं. मला… मला फार भीती वाटते रे. एकदाच निवडता येणार आहे."

तो रस्त्यावरच्या गर्दीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. असं कुणी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. काहीतरी हातातून चाललंय आणि ते धरून ठेवायचंय, असं.

"इथंच ये," तो म्हणाला. अगदी हळू.

मी घरी येईपर्यंत हसत होते. सिटी बसमधल्या एका आजीनं विचारलंसुद्धा, "काय गं, लग्न जमलं का?"

शनिवारी अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. जिना चढताना ते भिंतीची ओल बघत होते, मी नाही. मी सत्यमला शोधत होते. तो दाराशी उभा होता, चेहरा उतरलेला. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही.

संस्थेचे सर केबिनमध्ये अर्धा तास बोलले. जगात गेमचा धंदा केवढा, मोठमोठ्या कंपन्या, परदेश, सगळं. मोठ्या पडद्यावर उंच इमारती चमकून गेल्या. अप्पा मान डोलावत राहिले. सरांनी फॉर्म पुढं सरकवला, पेनाचं टोपण काढून पेनही दिलं. तेव्हा अप्पा म्हणाले,

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा ना, काका."

"आम्ही मेंढरंवाले. बेण्याचा मेंढा घ्यायचा आसला का बाजारात मालक लई बोलतो. मेंढाबी धुऊन, तेल लावून आणलेला आसतो. आम्ही मेंढ्याकडं बघतच नाय. आम्ही म्हणतो, याची मागच्या सालची कोकरं दाखव. ती कशी निघाली, त्याच्यावर मेंढा." अप्पांनी पेन टेबलावर ठेवलं. "तशी तुमची मागच्या सालची पोरं दाखवा. त्येंनी काय केलं, ते बघू."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कोकरं! मी "अप्पा…" म्हणाले, पण ते शांत होते, बाजारात असतात तसे. सर मात्र मोठ्यानं हसले. "अहो, समोरच आहे की! सत्यम, आत ये. हा आमचा पहिला नंबर. गेम डिझायनर."

सत्यम आत आला.

"बाळा," अप्पा म्हणाले, "तू केलेला एक खेळ दाखीव."

सर म्हणाले, "दाखव ना तो फळीचा." सत्यमचा हात दोरीकडं गेला. मी त्या हाताकडं बघत होते. गुंडाळ, मी मनात म्हणत होते. देवा, गुंडाळू दे. खोटं बोलू दे त्याला. मला इथंच यायचंय.

त्यानं दोरी धरली, गळ्यातून काढली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

"माझ्याकडं दाखवायला एकबी खेळ नाय, काका," तो म्हणाला. "तो फळीचा विकत आणलाय. आम्ही कुणीच बनवला नाय. दोन वर्षांत तीन शिक्षक बदलले. आमच्या बॅचची बाकी पोरं कॉल सेंटरला आहेत. मी इथं पत्रकं वाटतो."

"बाहेर हो!" सर उभे राहिले. "आत्ताच्या आत्ता!"

अप्पाही उठले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, नीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चल, सृष्टी."

जिन्यात सत्यम आमच्या मागं आला. अप्पा पुढं गेले होते, की मुद्दाम गेले, मला माहीत नाही.

"तू मला म्हणालास, इथंच ये," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी कठडा धरला होता. "तुला सगळं माहीत होतं. माझी एकच संधी होती, तेही माहीत होतं. का म्हणालास?"

"तू हैदराबादला गेली असतीस म्हणून," तो म्हणाला. "इथं आलीस तर रोज दिसली असतीस. एवढंच… एवढंच डोक्यात आलं. आणि खरं सांगितलं तर तो बॅनर… मी भ्यालो, सृष्टी."

भीती मला कळते. माझ्याइतकी कुणाला कळणार? पण माझी भीती माझंच नुकसान करते, त्याच्या भीतीनं माझं केलं असतं. मी जिना उतरले.

घरी आल्यावर मला साड्यांखालचा तो फोटो डोळ्यांसमोर दिसायला लागला. संध्याकाळी अप्पा अंगणात बसले होते, तिथूनच त्यांनी हाक मारली.

"त्या हैदराबादवाल्यांला लाव फोन. मागच्या सालची पोरं दाखवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा व्हिडिओ कॉल आला. प्रेरणा, परभणीची. अप्पांनी तिला थेट विचारलं, तिनंही थेट स्वतःचा गेम उघडला. एक म्हातारी बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते, एवढाच गेम. आणि तिचा एक पाय सारखा जमिनीत रुतत होता.

"हे चुकलंय, काका," प्रेरणा म्हणाली. "आठ महिने झाले, पाय निघंना. सर म्हणतात, निघेपर्यंत पुढं जायचं नाय. रोज रडते मी इथं."

"आन् तरी ऱ्हायलीस?"

"मग! हा पाय मीच काढणार की."

अप्पांनी तिला आणखी बरंच विचारलं – जेवण, पाणी, खोलीत किती जणी, दाराला कडी आतून आहे का. मग त्यांनी फोन ठेवला. "खोड लपवली नाय पोरीनं," ते म्हणाले. "सोडायला मी येतो तुला." आईनं लगेच पदर डोळ्यांना लावला आणि मग ट्रंक शोधायला उठली.

सत्यमचे रोज निरोप येत होते. मी एकालाही उत्तर दिलं नाही; फक्त बसची वेळ फोनच्या स्टेटसवर टाकली होती. दहाव्या दिवशी बस होती, मध्यवर्ती बसस्थानकावरून, संध्याकाळची. ट्रंक, दोन पिशव्या आणि आईनं दिलेला दशम्यांचा डबा घेऊन आम्ही उभे होतो, आणि खांबामागून तो आला. गळ्यात दोरी नव्हती.

"काका, मी चढवतो ट्रंक," तो म्हणाला.

अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चढीव," म्हणाले, आणि पाण्याची बाटली आणायला निघून गेले.

ट्रंक ठेवून तो माझ्यासमोर उभा राहिला. बसस्थानकाच्या गोंगाटात त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"गावी जाऊन आलो. वडिलांना सगळं सांगितलं."

"मग?"

"दोन दिवस जेवले नाय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बॅनर नाय काढणार. आता तो खरा कर." त्याच्या गालावरची रेघ उमटली आणि मिटली. "मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलोय. संध्याकाळी शिकतो, पहिल्यापासून. पुढच्या वर्षी मीबी हैदराबादची परीक्षा देणार. पण ते जाऊ दे… मला तू आवडतेस. 'इथंच ये' म्हणालो, त्यातलं तेवढंच खरं होतं."

मला खूप काही म्हणायचं होतं. त्यातलं एक बाहेर आलं, "मला अजून राग आहे."

"असू दे. मी थांबतो." तो मागं सरकला. "तुझा गेम पाठवलाय फोनवर. बस सुटल्यावर बघ."

बस सुटली. मी खिडकीतून वळून बघितलं, तो हात वर न करता नुसता उभा होता. शहर मागं पडलं तशी मला पुन्हा ती जुनी भीती वाटायला लागली. नवं गाव, नवी भाषा, आणि पाय रुतला तर काढायला कुणी नाही. मी फोन काढला. गेममध्येही दिवस मावळत होता. मी मेंढरं हाकायला लागले. अप्पा शेजारून, मान वाकडी करून बघत होते. सवयच ती, ते मोजायला लागले.

"एकोणीस… वीस." मग थांबले. "आन् ते?"

जाळीच्या दाराबाहेर एक मेंढरू उभं होतं. मी ते केलेलं नव्हतं. मी पुढं-मागं झाले तरी ते आत शिरेना, पळूनही जाईना. नुसतं दाराकडं तोंड करून उभं.

"एक जास्त हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. "कानाला काप नाय. आपलं नाय हे."

"नाही," मी म्हणाले.

"मग कुणाचं?"

लांडग्याची वेळ होत आली होती, पडद्यावर आणि बाहेरही. "अजिंठ्याकडचं," मी कसंबसं म्हणाले.

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मग त्यांनी दशम्यांचा डबा मांडीवर घेतला, उघडला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"दुसऱ्याचं मेंढरू कळपाशी आलं तर हाकलत नसतात, पोरी. घे आत. अंधार पडू राहिला."

मी बोट ठेवलं. ते मेंढरू टुणकन उडी मारून आत आलं आणि बाकीच्यांत अंग चोरून बसलं. मी दार लावलं. मग दहा दिवसांत पहिल्यांदा सत्यमला निरोप पाठवला. दोनच शब्द.

आत घेतलंय.